घोड्याला टेप लावली, पण तो बरा झाला का?

आज जरा वेगळा विषय: घोड्यांची मालिश आणि टेपिंग.

खेळाडूंच्या खांद्यावर रंगीत पट्ट्या बघितल्यात ना? ती काइनेसिओलॉजी टेप. जपानच्या केन्झो कासे यांनी 1970च्या दशकात ती माणसांसाठी तयार केली. आता घोड्यांनाही लावतात.

मालिश मात्र जुनीच. मोतद्दार रोज खरारा करतो, तेव्हा अंगावरची सूज, गरमपणा आधी त्याच्याच हाताला कळतो. आणि गंमत ऐका, घोड्याला गळपट्टीचं हाडच नसतं! पुढचे पाय धडाला स्नायूंनीच बांधलेले, आणि साधारण 60 टक्के वजन त्यांच्यावर. मग खांदे आखडणारच. तिथे हळूहळू दाबलं की तो मान खाली सोडतो, जांभई देतो. म्हणजे बरं वाटतंय. कान मागे पाडले, शेपटी झटकली, की थांबायचं.

टेपचं काय? घोड्यांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय खाली केस असतात, आणि माशी बसली तरी थरथरणारी कातडी!

खरा धोका पुढे आहे. घोडा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवतो. लंगडणाऱ्या घोड्याला टेप लावून पुन्हा खोगीर चढवणं म्हणजे अलर्ट म्यूट करून सर्व्हर चालू ठेवणं. बग तिथेच असतो. लंगडणं, ताप, ताजी सूज, किंवा कामानंतर दगडासारखे कडक झालेले स्नायू दिसले, तर मालिश नाही, टेप नाही. आधी पशुवैद्य.

माथेरानला गेलात तर घोड्यावर बसण्याआधी त्याला चार पावलं चालताना बघा. लंगडत असेल तर सरळ नाही म्हणा. भेटू पुढच्या भागात!