टेलिफोनवर अडकलेली ऑर्डर : कार्यालयीन विनोदी मालिकेच्या भाग-परीक्षणाविषयी

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेच्या एकेका भागाचे परीक्षण हा लेखनप्रकार समीक्षेच्या पंगतीत अजूनही शेवटच्या पाटावर बसतो, आणि या उपेक्षेला तो स्वतःही काही अंशी जबाबदार आहे. नाट्यपरीक्षकासमोर तिसऱ्या घंटेपासून अखेरच्या पडद्यापर्यंतचा पुरा प्रयोग असतो आणि कादंबरीच्या परीक्षकाने शेवटचे पान वाचलेले असते. भागाच्या परीक्षकाला मात्र पुढे काय घडणार हे ठाऊक नसताना, चालू गोष्टीच्या बावीसेक मिनिटांच्या तुकड्यावर मत द्यावे लागते, आणि तेही पुढचा भाग येण्याच्या आत. या अडचणीतून सुटण्यासाठी बहुतेक परीक्षणे कथानक सांगून टाकतात, गाजलेले संवाद उतरवून घेतात आणि शेवटी तारांकित गुण देऊन मोकळी होतात. ज्याने भाग पाहिला आहे त्याला अशा लेखनातून नवे काही मिळत नाही, आणि ज्याने पाहिला नाही त्याची मजा तेवढी जाते.

प्रस्तुत विवेचन या मालिकांच्या एकाच शाखेपुरते, म्हणजे कार्यालयीन विनोदी मालिकेपुरते मर्यादित आहे. जिच्यातील माणसांना रक्ताच्या नात्याने किंवा शेजाराने नव्हे, तर पगाराने एका छताखाली आणून बसवले आहे, ती कार्यालयीन मालिका. कौटुंबिक मालिकेतील पात्रे परस्परांवरील मायेपोटी एकत्र राहतात असे निदान म्हणता येते. इथे मात्र समोरच्या टेबलावरचा माणूस असह्य झाला तरी उठून जाता येत नाही, कारण महिन्याचा हप्ता भरायचा असतो. विनोद या अडकलेपणातून निर्माण होतो. म्हणूनच अशा मालिकेच्या परीक्षकाने ‘या भागात कोण कोणाच्या प्रेमात पडले’ हा प्रश्न मागे ठेवून, ‘या दिवशी कोणते काम व्हायचे होते आणि त्याचे काय झाले’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

या भूमिकेची कसोटी ‘द ऑफिस’ या मालिकेवर घेता येते. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची मूळ ब्रिटिश मालिका जुलै 2001 मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली आणि सहा-सहा भागांचे दोन हंगाम व 2003 च्या नाताळातील दोन विशेष भाग एवढ्यावर संपली. ग्रेग डॅनियल्स यांनी सिद्ध केलेले तिचे अमेरिकी रूपांतर 24 मार्च 2005 रोजी एनबीसी वाहिनीवर आले आणि 16 मे 2013 पर्यंत, नऊ हंगाम आणि 201 भाग, चालले. पेनसिल्व्हेनियातील स्क्रॅन्टन गावात डंडर मिफ्लिन नावाच्या काल्पनिक कागद कंपनीची शाखा आहे आणि एक माहितीपट-पथक तिथल्या कर्मचाऱ्यांचे चित्रीकरण करीत आहे, अशी तिची मांडणी आहे. या मांडणीमुळे पात्र एकटे कॅमेऱ्यासमोर बसून जे बोलते ते निवेदन आणि प्रत्यक्ष प्रसंगात जे वागते ते वर्तन यांतील तफावत प्रेक्षकाला सतत दिसत राहते. शिवाय मागून वाजवलेले ध्वनिमुद्रित हास्य नसल्यामुळे कुठे हसायचे हे प्रेक्षकाला स्वतः ठरवावे लागते, आणि कित्येकदा हसावे की नाही हेही.

अमेरिकी मालिकेचा पहिला भाग ब्रिटिश पहिल्या भागाच्या संहितेवरून, पुष्कळसा शब्दशः, बेतलेला होता, आणि त्या वेळच्या परीक्षकांनी त्याची मुळाशी तुलना करण्यात बरीच शाई खर्च केली. मराठी वाचकाला ही खोड परकी वाटू नये, कारण रूपांतरित नाटकाचे मूळ हुडकून काढणाऱ्या माधव मनोहरांची परंपरा आपल्याकडे आहे. परंतु मुळाचा पत्ता लागला म्हणजे परीक्षण झाले असे नव्हे. मालिकेचा स्वतंत्र विचार सुरू होतो तो 29 मार्च 2005 रोजी प्रसारित झालेल्या दुसऱ्या भागापासून. ‘डायव्हर्सिटी डे’ या नावाचा हा भाग, मालिकेत रायनची भूमिका करणारे बी. जे. नोव्हाक यांनी लिहिला आणि केन क्वापिस यांनी दिग्दर्शित केला.

या भागाचे कथानक सर्वत्र सांगितले जाते ते असे, की शाखा व्यवस्थापक मायकल स्कॉट याने क्रिस रॉक या विनोदवीराचा एक वंशविषयक कार्यक्रम कार्यालयात करून दाखवल्यामुळे मुख्य कार्यालय एक प्रशिक्षक पाठवते, मायकलला त्याचे प्रशिक्षण अपुरे वाटते, तो स्वतःचा वर्ग भरवतो, प्रत्येकाच्या कपाळावर एकेका समाजाच्या नावाचे कार्ड चिकटवायला लावतो आणि अखेरीस भारतीय माणसाची नक्कल केल्याबद्दल केली कपूर या भारतीय वंशाच्या सहकारी स्त्रीची थप्पड खातो. हे सगळे खरे असले तरी एवढ्यावर थांबणारे परीक्षण अर्धाच भाग पाहते, कारण याच दिवशी विक्री विभागातील जिम हॅल्पर्ट एका जुन्या ग्राहकाच्या वार्षिक ऑर्डरचे नूतनीकरण करण्याचा प्रयत्न करीत असतो. त्या एका ऑर्डरवर त्याला वर्षाच्या एकूण कमिशनपैकी पंचवीस टक्के कमिशन मिळायचे असते आणि ते साजरे करायला त्याने शॅम्पेनची छोटी बाटलीही आणून ठेवलेली असते. फोन लागतो तेव्हा शेजारच्या टेबलावरील सहकारी ड्वाइट याचे कागद कातरण्याचे यंत्र घरघरते, आणि पुन्हा बोलायची वेळ येते तेव्हा वर्गात येऊन बसण्याचे फर्मान येते. शेवटी फोन जोडला जातो तोवर ड्वाइटने ती ऑर्डर स्वतःच्या नावावर करून टाकलेली असते. लेखकाने हा धागा मोठ्याने कुठेही बोलून दाखवलेला नाही, तो मुख्य गोंधळाच्या कडेकडेने चालवला आहे, आणि म्हणूनच परीक्षकाचे काम तिथे सुरू होते. साहेबाच्या सदिच्छेची किंमत हाताखालच्या माणसाच्या खिशातून वसूल होते, हे या भागाचे खरे म्हणणे आहे, आणि वंशविषयक विनोदावर दोन परिच्छेद खर्चून फोनचा उल्लेखही न करणाऱ्या लेखनातून नेमके तेच निसटते.

याच भागातील आणखी एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षक सर्वांकडून एका प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतो. मग उघड होते की मुख्य कार्यालयाला सही हवी होती ती फक्त मायकलची, बाकीच्यांच्या सह्या त्याला एकटे पाडल्यासारखे वाटू नये म्हणून घेतल्या होत्या. मायकल त्या कागदावर ‘डॅफी डक’ अशी सही करून ठेवतो. समतेचा प्रश्न अशा रीतीने फाइलमधल्या एका कागदापुरता उरतो आणि त्या कागदावरही व्यंगचित्रातल्या बदकाचे नाव असते. ज्याने कोणत्याही कचेरीत हजेरीपटासमोर उभे राहून ‘कार्यशाळा संपन्न’ असा शेरा पडताना पाहिला आहे, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

परदेशी मालिकेच्या परीक्षकावर मात्र समजावून सांगण्याचे काम कधीकधी येतेच. 5 एप्रिल 2005 रोजी आलेल्या ‘हेल्थ केअर’ या तिसऱ्या भागात कर्मचाऱ्यांसाठी स्वस्तातली आरोग्य विमा योजना निवडण्याचे अप्रिय काम मायकल ड्वाइटच्या गळ्यात मारतो. अमेरिकेत नोकरदार कुटुंबांचा आरोग्य विमा मोठ्या प्रमाणावर नोकरीशी जोडलेला असतो, त्यामुळे नोकरी गेली की पगाराबरोबर विम्याचे संरक्षणही जाण्याची भीती असते. हा संदर्भ न देता ड्वाइटने सुविधांवर चालवलेल्या कात्रीची गंमत सांगितली, तर मराठी वाचकाला ती केवळ एका विक्षिप्त माणसाची हडेलहप्पी वाटेल. तीच गोष्ट ‘बॉइज अँड गर्ल्स’ या फेब्रुवारी 2006 मधील भागाची. तिथे गोदामातील कामगार संघटना बांधण्याची भाषा करतात आणि वरिष्ठ अधिकारी शाखाच बंद करण्याचा इशारा देऊन तो विषय काही मिनिटांत संपवतात. हलकीफुलकी म्हणवली जाणारी ही मालिका त्या काही मिनिटांत अजिबात हलकी नाही.

या भूमिकेवर आक्षेप घेता येईल, की मालिकेतील सर्वांत गाजलेल्या भागांपैकी एक, ‘डिनर पार्टी’, जवळजवळ पूर्णपणे कार्यालयाबाहेर, मायकलच्या घरात घडतो. अमेरिकी पटकथालेखकांच्या संपानंतर 10 एप्रिल 2008 रोजी प्रसारित झालेला हा भाग एका मोडकळीला आलेल्या संसाराचे चित्र म्हणून वाखाणला जातो आणि ते योग्यच आहे. पण जिम आणि त्याची सहकारी पॅम त्या जेवणाला पोचतात कसे, हे पाहावे. मायकल आधी मुख्य कार्यालयाच्या नावाने सर्वांवर जादा काम लादतो, म्हणजे कोणी संध्याकाळचा दुसरा बेत पुढे करू शकणार नाही. मग तेच काम आपण रद्द करवून घेतल्याचा देखावा करतो आणि लगेच जिमला जेवायला बोलावतो. निमंत्रण नाकारण्याचा मार्ग हुकमाने आधीच बंद केलेला असतो. त्यामुळे त्या घरातील पाहुणे प्रत्यक्षात कामावरच आहेत, आणि तीन तास न शिजणाऱ्या जेवणापुढे ते बसून राहतात ते साहेबासमोर बसावे तसेच.

भारतीय उदाहरण घेतले तर परीक्षकाला हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारावा लागतो. ब्रिटिश मालिका सुरू झाली त्याच 2001 साली सब टीव्हीवर ‘ऑफिस ऑफिस’ ही हिंदी मालिका आली. राजीव मेहरा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल दर भागात वेगळ्या कचेरीत जातो आणि भाटिया, शुक्ला, पांडे, पटेल व उषाजी ही तीच मंडळी तिथे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेली त्याला भेटतात. इथे कॅमेरा खिडकीच्या बाहेर, रांगेतल्या माणसाबरोबर उभा आहे. काम अडते ते नागरिकाचे; अडवणाऱ्याला स्वतःची काही विवंचना आहे का, हे मालिका सहसा विचारत नाही. ही तिची उणीव मानावी की भूमिका, यावर मतभेद होऊ शकतात, आणि कल भूमिकेकडे द्यावासा वाटतो, कारण लाच मागणाऱ्याबद्दल सहानुभूती निर्माण करणे हे त्या मालिकेने पत्करलेले काम नव्हते. पण तिच्या एखाद्या भागाविषयी लिहिताना ‘पंकज कपूर यांचा उत्तम अभिनय’ एवढ्यावर न थांबता, त्या दिवशी मुसद्दीलालचा कागद कोणत्या टेबलावर अडला, तो पुढे सरकवण्यासाठी काय मागितले गेले आणि शेवटी तो सरकला तर कोणाच्या सोयीने सरकला, एवढे तरी परीक्षणात आले पाहिजे.