हेतूचा निवाडा

मराठी कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. उच्चवर्णीय माणूस ख्रिस्ती झाला की ‘पैशासाठी बाटला’ असा शेरा त्या काळी तयारच असे. पुढे टिळकांनी मिशनचे काम पत्करले, म्हणजे शंकेला पगाराचाही आधार मिळाला. पण 1917 मध्ये त्यांनी ते काम सोडले आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारू लागले. शेरा मारणाऱ्याजवळ 1895 मध्ये यातले काय होते? तर्क, आणि तोही स्वतःच्या मनातला.

यावर कोणी म्हणेल, मग लबाडाकडेही डोळेझाक करायची का? नव्या करारातले, करिंथकरांस प्रेषित पौलाने लिहिलेले पहिले पत्र इथे उपयोगी पडते. चौथ्या अध्यायात तो अंतःकरणातील हेतूंचा निवाडा प्रभूच्या येण्यापर्यंत राखून ठेवायला सांगतो; लगेच पाचव्यात उघड दुराचार करणाऱ्याला मंडळीबाहेर काढायला सांगतो. विसंगती वाटते खरी, पण दोन्हीकडे विषय वेगळा आहे. कृत्याला साक्षीदार असतात, त्याची चौकशी होते. हेतूला साक्षीदार नसतो. टिळकांच्या पगाराचा हिशेब कोणीही मागावा; त्यावरून त्यांच्या श्रद्धेची किंमत काढायला मात्र पौलाच्या पत्रात परवानगी नाही.