अंगठी घट्ट, चप्पल लहान आणि हृदयावर ताण

बेलपाड्याच्या बचत गटातून आम्ही बोलतोय.

बांगड्या भरताना आपलं माप आपल्याला पाठ असतं. दोन-चार नाहीतर दोन-सहा. वजन वाढलं, दिवस राहिले, थायरॉईड झालं तर माप बदलतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वजन तेवढंच असताना दोन-चार वर्षांत अंगठी निघेनाशी झाली, चप्पल एक नंबर मोठी लागायला लागली, नाक-ओठ जाड झाले, दातांत फटी पडल्या, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगायचं. ते विचारतीलच असं नाही.

या आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगॅली. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. तिच्यात छोटी गाठ होते आणि वाढीचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त सुटतं. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. गाठ म्हटलं की आपल्याकडे थेट खारघरचं टाटा आठवतं, म्हणून हे आधीच सांगितलं. आजार दुर्मिळ आहे, दहा लाख माणसांत साधारण 60 जणांना. हळूहळू वाढत असल्यामुळे घरच्यांच्याही लक्षात येत नाही, आणि तो ओळखू येईपर्यंत कितीतरी वर्षं निघून जातात.

तेवढ्या वर्षांत हृदयावर ताण पडत राहतो. हात-पाय वाढतात तसा हृदयाचा स्नायूही जाड आणि कडक होतो. बीपी वाढतो, साखर वाढते. जीभ आणि घसा जाड झाल्यामुळे बाई जोरात घोरते, झोपेत मधेच श्वास अडकतो, त्याचाही भार हृदयावरच. मग पाण्याचा हंडा उचलला तरी दम लागतो. बाई बीपीची गोळी घेते, साखरेची घेते, पाळी चुकली तर वय झालं म्हणते. प्रत्येक दुखण्याची गोळी वेगळी, आणि सगळ्यांचं मूळ एकच असू शकतं हे कुणी बघतच नाही. आम्हाला काळजी वाटते ती याचीच.

म्हणून बीपीची गोळी बंद करायची का? मुळीच नाही. बीपी आणि साखर ताब्यात ठेवायचीच, त्याबरोबर तपासणी करायची. आधी आयजीएफ-वन नावाची रक्ताची तपासणी असते. त्यात शंका आली तर साखरेचं पाणी देऊन पुन्हा रक्त घेतात, डोक्याचा एमआरआय काढतात. हृदयासाठी टू-डी एको. गाठ बहुतेकदा नाकातून शस्त्रक्रिया करून काढतात, कवटी उघडावी लागत नाही. थोडी गाठ राहिली तर गोळ्या, महिन्याचं इंजेक्शन किंवा रेडिएशन असतं. इंजेक्शन महाग आहे, हे लपवून उपयोग नाही. पण हार्मोन ताब्यात आलं की हृदयाची जाडी कमी होऊ शकते आणि आयुष्य जवळजवळ इतरांइतकंच मिळतं.

आपल्याला परळचं केईएम गाठता येतं. तिथे हार्मोनच्या आजारांचा वेगळा विभाग आहे, त्याला एंडोक्रायनॉलॉजी म्हणतात. खारघरहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ. शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, ते आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या. रेशनकार्ड, आधार आणि चालू गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो, लग्नातला असला तरी चालेल. चेहरा किती बदललाय ते डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.