रीस्टार्ट मारण्याआधी



सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांचे समाधीस्थान. चाकणच्या या तेल्याने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले आणि ते पुढच्या पिढ्यांच्या हाती लागले. अशा गावात संगणकाच्या लोकांची परिषद भरते, तेव्हा अध्यक्षपदावरून नोंदीविषयीच बोलावेसे वाटते. वेळेवर नोंद न घेतल्याने ज्या दोषापुढे भलेभले हात टेकतात, तो दोष म्हणजे अनेक थ्रेडवर चालणारा प्रोग्राम अचानक हँग होणे.

क्रॅश झालेला प्रोग्राम निदान मागे काही खुणा ठेवतो. हँग झालेला गप्प बसतो. प्रोसेस चालू दिसते, पोर्ट उघडे असते, लॉगची शेवटची ओळ मात्र बऱ्याच वेळापूर्वीची. ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि कोणीतरी घाईने रीस्टार्ट मारतो. सेवा पूर्ववत होते. पण कोणता थ्रेड कोणते लॉक धरून बसला होता आणि कोण कोणाची वाट पाहत होता, हा सगळा पुरावा त्याच क्षणी पुसला जातो. दोष तसाच राहतो.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात याची फार मोठी किंमत मोजावी लागली. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याच्या सूचना देणारी प्रणाली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अडकली. दोन प्रोसेसना एकाच वेळी एकाच माहितीवर लिहिण्याची मुभा मिळाली, माहिती बिघडली आणि सूचना देणारा प्रोग्राम न संपणाऱ्या फेऱ्यात सापडला. पडदे चालूच होते, त्यामुळे सूचना बंद पडल्याचे तेथील कर्मचाऱ्यांना कळलेच नाही. तीनच्या सुमारास तंत्रज्ञांनी सर्व्हर रीबूट केला, तो सुरळीत दिसला. सूचनांचा भाग अजून गोठलेलाच आहे, हे कोणी तपासले नाही. चारनंतर वीजजाळे कोसळले आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले.

मग अडकलेल्या प्रोग्रामकडे पाहायचे कसे? आधी सीपीयू पाहावा. तो शून्यावर असेल, तर थ्रेड बहुधा कशाची तरी वाट पाहत आहेत. एखादा कोअर शंभर टक्के तापला असेल, तर कोणीतरी गोल गोल फिरते आहे. जुन्या जावातील हॅशमॅपवर दोन थ्रेडनी एकाच वेळी लिहिले, की आतल्या नोंदींची साखळी कधी कधी वळून स्वतःलाच मिळे आणि वाचायला आलेला थ्रेड त्या वर्तुळातून बाहेरच पडत नसे.

त्यानंतर थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड कोठे थांबला आहे याची नोंद. जावासाठी जेस्टॅक, सी किंवा सी प्लस प्लससाठी जीडीबी. काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन डंप घ्यावेत. सगळ्यांत त्याच ओळीवर उभा असलेला थ्रेड संशयित. बँकेतील रक्कम वळती करण्याचे उदाहरण घ्या. एक थ्रेड खाते क्रमांक १० चे लॉक धरून २० चे मागतो, दुसरा २० चे धरून १० चे; हाच डेडलॉक. डंपमध्ये दोघांच्या नावाखाली त्याच दोन लॉकचे पत्ते उलटसुलट दिसतात. उपाय साधा आहे: लहान क्रमांकाचे लॉक नेहमी आधी घ्यायचे.

प्रत्येक वेळी उत्तर इतके सरळ हाती येत नाही. थ्रेड पूलमधील प्रत्येक काम त्याच पूलला नवे काम देऊन उत्तराची वाट पाहू लागले, तर सगळे थ्रेड अडकतात. लॉकचे वर्तुळ नसल्याने जेस्टॅक डेडलॉकचा उल्लेखही करत नाही. लॉग वाढवावा, तर तो लिहिण्यात वेळेचे गणित बदलते आणि दोष दिसेनासा होतो. म्हणूनच प्रत्यक्ष अडकलेला प्रोग्राम हाती लागणे मोलाचे आहे.

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. येथील सी-डॅकचा १९९१ मधील परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर चिपवर उभा होता. ट्रान्सप्युटरच्या चॅनलवर देणारा आणि घेणारा दोघेही हजर झाल्याशिवाय संदेश हलत नाही. दोन प्रोसेसनी एकमेकींना आधी पाठवायचेच ठरवले, तर दोघीही ताटकळत राहतात.

नोंदीने काय साधते, हे मंगळावर दिसले. ४ जुलै १९९७ ला उतरलेले नासाचे पाथफाइंडर यान काही दिवसांत आपोआप रीसेट होऊ लागले. हवामानाची माहिती गोळा करणारे कमी प्राधान्याचे काम एक लॉक धरून असे, मधल्या प्राधान्याची कामे त्याला बाजूला सारत, आणि वरच्या प्राधान्याचे काम त्या लॉकसाठी खोळंबे. ते वेळेत झाले नाही, की पहारा देणारी यंत्रणा सगळेच रीसेट करी. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर ट्रेस चालू ठेवून हा प्रकार घडवून आणला आणि प्रायॉरिटी इनहेरिटन्सची, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देण्याची, सोय चालू करणारा बदल यानाला पाठवला. चाचणीसाठीची नोंदसाधने त्यांनी उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून टाकली नव्हती, हा त्यांचा खरा शहाणपणा. आपल्याकडे मात्र प्रॉडक्शनवर जाताना हीच साधने सर्वांत आधी छाटली जातात.

आपले विद्यार्थी डेडलॉकच्या चार अटी आणि बँकर्स अल्गोरिदमचे तक्ते परीक्षेत लिहितात. ते आवश्यकच आहे, पण पुरेसे नाही. येथे जमलेल्या प्राध्यापकांना या पीठावरून आग्रहाची विनंती आहे: येत्या सत्रात एक तरी प्रात्यक्षिक असे ठेवा, ज्यात विद्यार्थ्यापुढे कोड न देता हँग झालेली प्रोसेस ठेवली जाईल आणि तो नेमका कोणता थ्रेड कशासाठी थांबला आहे हे डंप वाचून सांगेल. आणि कंपन्यांतील मित्रांनो, तुमच्या सपोर्टच्या सूचनापत्रकात रीस्टार्टच्या ओळीच्या वर थ्रेड डंप घेण्याची ओळ आजच घाला.