मणक्यांचे चित्र आणि माणसाचे दुखणे

मानदुखीने बेजार झालेला मनुष्य तपासणीगृहातून मोठे पाकीट घेऊन बाहेर पडतो. आतील काळ्यापांढऱ्या चित्रांचा अर्थ त्याला उमगत नाही. परंतु सोबतच्या अहवालातील ‘झीज’, ‘फुगवटा’, ‘दाब’ हे शब्द त्याची झोप उडवतात. ही भीती कितपत खरी, हे ठरवायचे तर चित्रात काय दिसते व काय दिसू शकत नाही, हे आधी जाणले पाहिजे.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु मणक्यांमधील गाद्या व त्यांच्यामागून जाणारा मज्जारज्जू या साध्या छायाचित्रात उमटत नाहीत. १९७१ मध्ये हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मोडलेले हाड पाहण्यास ते आजही उत्तम होय. मऊ भागांची उणीव एम. आर. आय.ने भरून काढली. त्यात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या योगे शरीरातील हायड्रोजनकडून संकेत मिळवले जातात. त्याच्या ‘टी-२’ नामक चित्रात पाणी पांढरे दिसते. म्हणून मज्जारज्जूभोवतीचा द्रव शुभ्र, तर वयोमानाने पाणी आटलेली गादी काळी दिसते.

परंतु केस पिकतात तशी गादीही पिकते. जपानमध्ये कसलीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांच्या मानेची अशी चित्रे घेतली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांत गादीचा फुगवटा आढळला!

मग चित्राचा उपयोग काय? पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील गादीने मज्जातंतू दाबला, तर मुंग्या बहुधा अंगठ्याकडे येतात. मुंग्या उजव्या हातास आणि फुगवटा मात्र डावीकडे असेल, तर तो फुगवटा त्या दुखण्याचे कारण मानता येत नाही. म्हणूनच वैद्य प्रथम हाताची शक्ती, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात आणि मग चित्राशी ताडून पाहतात.

मात्र सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळू लागली, चाल डळमळू लागली, लघवीवरील ताबा सुटू लागला, तर विलंब घातक ठरतो. तेथे मज्जारज्जूवरील दाबाची शंका असते आणि त्याची नेमकी जागा हेच चित्र दाखवते.

अहवाल हाती आल्यावर रुग्णाने वैद्यांना एवढेच विचारावे: यात दिसते त्यांपैकी माझ्या दुखण्याशी जुळणारे काय आहे?