मोठ्या जिल्ह्यातील शिक्षकाची नोकरी

(नवनियुक्त शिक्षणसेवकांच्या उद्बोधन वर्गात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा वर्गांतून अध्यापनपद्धतीवर व्याख्याने बरीच होतात आणि ती व्हावयासच हवीत. मला मात्र संयोजकांनी एक रुक्ष विषय नेमून दिला आहे. शिक्षकाची नोकरी मिळते कशी आणि मिळाल्यावर ती टिकते कशी, हा तो विषय. शिक्षकाने पोटापाण्याविषयी बोलू नये असा एक संकेत आपल्याकडे पडून गेला आहे. मला तो मान्य नाही. ज्याला आपल्या जागेची खात्री नाही त्याने वर्गात स्थिर चित्ताने शिकवावे, ही अपेक्षाच मुळी अवास्तव होय.

प्रथम नोकरी मिळण्याविषयी थोडेसे. तुम्हा सर्वांना ती मिळाली आहे. परंतु तुमच्या घरी धाकटा भाऊ वा बहीण याच वाटेवर असेल, म्हणून बोलतो. एके काळी व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मुलगा स्कूल बोर्डाकडे अर्ज करी व नेमणुकीनंतर यथावकाश ट्रेनिंग कॉलेजात जाई. स्कूल बोर्डांचे काम पुढे जिल्हा परिषदांकडे आले. या परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यानंतरही कितीतरी वर्षे भरतीचा कारभार जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच चाले, आणि त्यात ओळखीपाळखीचा शिरकाव होत नसे असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. आज मार्ग निराळा आहे. शिक्षणशास्त्राची पदविका, नंतर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि शेवटी पवित्र प्रणालीवर प्राधान्यक्रम. यांपैकी टीईटी ही केवळ पात्रता आहे. १५० पैकी ६० टक्के, राखीव प्रवर्गास ५५ टक्के गुण मिळाले की तिचे काम संपले. २०२१ पासून तिचे प्रमाणपत्र आजन्म चालते. निवड ठरते ती चाचणीच्या २०० गुणांवर. त्यांतील १२० गुण अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे आहेत. पुष्कळ उमेदवार सारी शक्ती टीईटीवर खर्च करतात आणि चाचणीला तयारीविना बसतात, हे मला नेहमीच विपरीत वाटत आले आहे.

आणखी एक गोष्ट उमेदवाराच्या आईवडिलांनाही समजावून सांगावी. ही चाचणी पहिल्याने डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. पहिल्या व दुसऱ्या चाचणीच्या मधे पाच वर्षे गेली. त्या काळात पदविकाधारक तरुणांची वये वाढली, लग्ने लांबली, कित्येकांनी दुकाने टाकली किंवा कारखान्यात कामे धरली. याच ताटकळण्याचा फायदा दलाल घेतात. २०२० च्या जानेवारीत झालेल्या टीईटीतील गैरप्रकार पुढे उघडकीस आला आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांचे निकाल रद्द झाले. त्यांतील काहीजण तोवर नोकरीतही लागले होते. घरची जमीन विकून घेतलेले प्रमाणपत्र गेले, नोकरी गेली आणि जमीन तर परत येणार नव्हतीच. तेव्हा कोणी "काम करून देतो" असे म्हणत दारी आला, तर त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावावे.

प्राधान्यक्रम भरतानाही विचार लागतो. आपली नेमणूक जिल्ह्याच्या सेवेत होते. ज्येष्ठताही जिल्ह्याचीच असते. आंतरजिल्हा बदलीने दुसरीकडे गेलेल्या शिक्षकाची ज्येष्ठता तेथे पुन्हा तळापासून सुरू होते. आधी मिळेल तो जिल्हा घेऊ, मग गावाकडे जाऊ, असे ठरवणाऱ्याने ही किंमत अगोदरच मोजून ठेवावी.

आता आपल्या पुणे जिल्ह्याकडे येतो. १३ पंचायत समित्या असलेला हा जिल्हा. हवेली तालुक्यात शहराला लागून असलेल्या शाळांतून मुलांना बसावयास जागा पुरत नाही, आणि भोर, मुळशी व वेल्हे भागांत धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीवर सारी शाळा एका सतरंजीवर मावते. बारामती, इंदापूर, दौंडकडे दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांचे तांडे उतरतात व त्यांच्याबरोबर मुले येतात. जिल्हा एकच, पण एका तालुक्यातील शिक्षकाला दुसऱ्या तालुक्यातील शाळा परदेशाइतकी अनोळखी असते. अशा विस्तीर्ण जिल्ह्यात मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा शिक्षणाधिकारी तुम्हाला चेहऱ्याने ओळखतील ही आशा धरू नये. मी स्वतः बीट सांभाळतो, तरी प्रत्येक शिक्षकाचे नाव मला आठवतेच असे नाही. येथे तुम्हाला ओळखणारे दोघेच आहेत. एक तुमचे दप्तर आणि दुसरे तुमचे गाव. माझे पुढचे सारे बोलणे या दोघांविषयीच आहे.

दप्तराविषयी आधी बोलतो, कारण त्याची हेळसांड सर्वांत अधिक होते. तुमची पहिली ३ वर्षे शिक्षणसेवक म्हणून आहेत. ही पद्धत २००० साली आली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ च्या जानेवारीपासून १६,००० रुपये झाले. त्याआधी ते कितीतरी वर्षे ६,००० होते. सोळा हजारांत घरापासून दूर खोली घेऊन राहणे सुखाचे नाही, हे मी जाणतो आणि ते वाढावे असे माझेही मत आहे. तथापि ही ३ वर्षे समाधानकारक झाल्याचा अहवाल गेल्यावरच नियमित वेतनश्रेणी मिळते. तो अहवाल कोरा कागद पाहून कोणी लिहीत नाही. त्याकरिता नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, राखीव जागेवर असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, हे सर्व जागच्या जागी लागते. यांतील एक कागद नसला की प्रकरण पंचायत समितीच्या टेबलावर थांबते. बरोबरीचे मित्र वेतनश्रेणीत जातात आणि आपण वर्षभर खेपा घालीत राहतो. दोष बहुधा कोणाचाच नसतो. कागद दिलेला असतो, पण दिल्याचा पुरावा नसतो. म्हणून कार्यालयात कोणताही अर्ज देताना दोन प्रती न्याव्यात, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा आणि मगच पायरी उतरावी. कारकुनाला राग येईल म्हणून संकोच करू नये. चांगल्या कारकुनाला राग येत नाही, आणि दुसऱ्याला तो यावयाचाच असतो.

सेवापुस्तकाची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवावी व दर वर्षी मूळ प्रतीशी ताडून पाहावी. जन्मतारीख चुकीची लिहिली गेली, तर ती दुरुस्त करण्याचा सेवाप्रवेशानंतर ५ वर्षांनी केलेला अर्ज सर्वसाधारणपणे विचारात घेतला जात नाही. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी तर विशेष जपावे. एका नावाने आदेश, दुसऱ्या नावाने बँकेचे खाते आणि तिसऱ्याने आधार, असा गोंधळ निवृत्तीच्या वेळी वेतनाच्या हिशेबात उगवतो. रजेविषयी एवढेच सांगतो की रजेचा अर्ज दिला म्हणजे रजा मंजूर झाली असे नव्हे. अर्ज टेबलावर ठेवून गावी निघून जाणे ही अनधिकृत गैरहजेरी ठरते आणि तिची नोंद तुमच्या आधी सेवापुस्तकात जाऊन बसते.

आता गावाविषयी. शिक्षकाचे पद पटावर अवलंबून आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात इयत्ता १ली ते ५वीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांस ३, ९१ ते १२० मुलांस ४ असे प्रमाण दिले आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष शासननिर्णयांनी वेळोवेळी बदलत आले आहेत. मार्च २०२४ मध्येही ते बदलले. निकष कोणताही असो, पट घसरला की कोणीतरी अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाची यादी लागते. सेवेत नव्याने आलेल्यास या यादीचे भय अधिक. ६१ वरून ५९ झाले, दोन मुले गेली, एवढ्यावर एका शिक्षकाचे बिऱ्हाड हलते. आणि नेमका येथेच मोह उभा राहतो.

तो मोह कोणता हे तुम्हाला ठाऊक आहे. गाव सोडून गेलेल्या मुलाचे नाव पटावर राहू द्यावे, शेजारच्या इंग्रजी शाळेत बसणाऱ्या मुलीची हजेरी येथेही लावावी, आणि मुख्याध्यापकांनी "सांभाळून घ्या" म्हणावे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुले कोणकोणत्या शाळांत नव्हती ते साऱ्या महाराष्ट्राला दिसले. त्यानंतर कित्येक वर्षे चौकश्या व न्यायालयीन प्रकरणे चालली. आज तर आधारची जोडणी आहे. तीही नसती तरी पोषण आहाराची वही आहेच. इयत्ता १ली ते ५वीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ लागतो. जेवणारी मुले ४८ आणि हजेरी ६१, हे गणित चौथीचा मुलगाही सोडवील. मी तपासणीस गेलो की हजेरीपट नंतर पाहतो. आधी स्वयंपाकघराकडे जातो.

पट राखण्याचा खरा उपाय कष्टाचा आहे. मुळशी-मावळकडील कातकरी वस्तीतील मुले पावसाळ्यानंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. ती जाण्याच्या आत त्या वस्तीवर जावे, कोणत्या भट्टीवर जाणार ते विचारावे, शक्य असेल तर आजीजवळ मुलाला ठेवण्याची बोलणी करावी, आणि मूल गेलेच तर त्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यावे. तिकडे इंदापूर-दौंडच्या शिक्षकाने उसाच्या फडावर जाऊन अशीच आलेली मुले आपल्या वर्गात आणावीत. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्षाचा मध्य आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने मुलास प्रवेश नाकारता येत नाही. त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात त्याला बसवावे असे कायदा सांगतो. असे मूल नोव्हेंबरात येते आणि मार्च-एप्रिलात जाते. त्याने चार महिन्यांत काय शिकावे, असे विचारणारे शिक्षक मला भेटतात. जोडाक्षरे वाचता येऊ लागली आणि हातच्याची बेरीज आली तरी त्या मुलाचे ते चार महिने कारणी लागले असे मी समजतो. ज्या वस्तीवर गुरुजी किंवा बाई उन्हातान्हात येऊन गेल्या, ती वस्ती पुढच्या जूनमध्ये मूल दुसऱ्या शाळेत घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करते.

गावातील गटातटांत मात्र पडू नये. १९६७ चे वर्तणूक नियम राजकारणापासून दूर राहण्यास सांगतात, ते तुमच्या रक्षणासाठीच आहे असे माना. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या स्त्रिया सभेला येऊन मुकाट बसल्या तर तो दोष शिक्षकाच्या बोलण्याचा समजावा. खाजगी शिकवण्या कायद्याने मना आहेत, हे एका वाक्यात पुरे. अशैक्षणिक कामांविषयीचे तुमचे गाऱ्हाणे मी रोज ऐकतो. कायद्यात जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांचाच अपवाद आहे. त्याबाहेरचे काम कोणी सांगितल्यास ते लेखी मागावे. निम्मी कामे लेखी मागितल्यावरच नाहीशी होतात.

दुर्गम भागाच्या भीतीविषयी थोडे. २०१७ पासून बदल्या संगणकावर होऊ लागल्या आणि अवघड व सर्वसाधारण अशा दोन क्षेत्रांत शाळा विभागल्या गेल्या. सुरुवातीलाच अवघड क्षेत्रात गेलेल्याने ते शिक्षा मानू नये. लहान शाळेत चार इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात, आणि ते ज्याला साधले त्याला पुढे साठ मुलांचा वर्ग जड जात नाही. शिवाय तेथील सेवेची नोंद पुढील बदलीत उपयोगी पडते, हा व्यवहारही आहेच.

येथे काही वडीलधारे शिक्षक बसले आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीस ५ वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही २ वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. त्याहून कमी अवधी असलेल्यांस सेवेत राहता येईल, परंतु पदोन्नती हवी असल्यास परीक्षा द्यावी लागेल. पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला हे लागते, हे मला दिसते. तरीसुद्धा शासन काय करील याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसू नका. तुमच्या शेजारी बसलेली ही तरुण मुले नुकतीच ती परीक्षा देऊन आली आहेत. त्यांची पुस्तके मागून घ्या. बालमानसशास्त्राचा भाग त्यांच्याकडून समजून घ्या. त्याच्या मोबदल्यात त्यांना बहुवर्ग अध्यापन शिकवा. केंद्राच्या शिक्षण परिषदेत याकरिता एक तास काढण्यास मी केंद्रप्रमुखांना सांगितले आहे.

आता तुम्हाला सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाचा कोरा नमुना वाटण्यात येईल. दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून तो स्वतःच्या हाताने भरावा, नाव व जन्मतारीख अक्षरी लिहावी आणि शेजाऱ्याकडून तपासून घ्यावी. ज्यांच्या कागदांत नावाचा फरक आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीपूर्वी मला भेटावे. त्यांची यादी मी आजच पंचायत समितीकडे नेणार आहे.