फलकावरील थांबलेले कार्ड


सोलापुरी चादरीची नक्षी मागावर चढण्यापूर्वी ग्राफ कागदावर चौकोनाचौकोनांत उतरते. संपूर्ण काम आधी डोळ्यांसमोर येते. जपानमध्ये टोयोटा कारखान्यात तैइची ओनो यांनी ‘कानबान’ कार्डांद्वारे चालू कामही असेच दृश्य केले. आपल्या कार्यालयातील संगणकावर आता तसाच फलक आहे : ‘प्रतीक्षेत’, ‘चालू’, ‘पूर्ण’. प्रत्येक कार्डावर जबाबदार कर्मचारी व मुदत.

उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाच्या दाखल्याची पडताळणी रखडली, तर उपचार लांबतात. फलकावर तो अर्ज कोणाकडे, किती दिवस थांबला, हे लपत नाही. गोपनीयतेसाठी तेथे नाव नव्हे, केवळ नोंदणी क्रमांक असतो.

कार्ड पुढे सरकविणे मात्र माणसाच्याच हाती आहे. आपले दान गरजूपर्यंत वेळेवर पोहोचावे, हाच यामागील हेतू.